शेवंती परब, हजर आसंय

हर्षदा धुरीने मशीनवर अंगठा टेकवला आणि मशीनमधून शेवंतीकाकी बोलली.

"शेवंती परब. हजर आसंय."

सकाळचा भोंगा वाजत होता. त्या आवाजात मीच काहीतरी भलतं ऐकलं असेल असं वाटून मी ऑफिसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हर्षदाने अंगठा पदराला खसाखसा पुसला आणि पुन्हा टेकवला.

"शेवंती परब. हजर आसंय."

मागच्या बायका खिदळायला लागल्या.

"गो हर्षदा, तू शेवंती कधी झालंस?"

"परबांकडे लगीन ठरला वाटता हिचा! आमका सांगूक नाय."

हर्षदाही हसली. मी मात्र वैतागले. मशीन बिघडलं तर दाजी मशीनला बोलणार नव्हते, मलाच बोलणार होते, कारण ते माझ्या हट्टाने आलं होतं.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, उघड्या माळावर दाजी सामंतांचा काजूचा कारखाना होता. शिमगा झाला की सुरू, मिरग लागला की बंद. कोल्हापूरची नोकरी सोडून मी तिथे लागले तेव्हा माझं पद काय, हे दाजींनाही सांगता आलं नसतं. बायकांचे पगार मी करायचे, हंगामाआधी वाड्यावाड्यांतून फिरून बायका मी जमवायचे, आणि रुसून घरी बसलेलीची समजूत काढायलाही मीच जायचे. हंगामी धंद्यात काजू मिळतो, माणूस मिळत नाही. वैशाखात लग्नं लागायला लागली की काजू फोडायची निम्मी फळी रिकामी. पलीकडच्या कारखान्यात चहाबरोबर बटर द्यायला लागले की आमच्या चारजणी तिकडे. वर पुन्हा नणंदेच्या नावावर भावजय, सासूच्या नावावर सून. कोण कोणाच्या जागी आलं आहे हे ओळखता ओळखता माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. म्हणून मी अंगठ्याचं मशीन आणवलं.

मशीनच्या पडद्यावर नाव इंग्रजीत उमटायचं आणि ते वाचणार कोण? तेव्हा कोल्हापूरहून आलेल्या पोवार नावाच्या मशीनवाल्याने एक जुगाड केलं. नोंदणीच्या दिवशी प्रत्येकीने अंगठा द्यायचा आणि आपलं नाव तोंडाने सांगायचं. पुढे रोज अंगठा टेकवला की तिचाच आवाज तिला ऐकू येणार. बायकांना याची फार मजा वाटली. शेवंतीकाकीला किती वेळा सांगितलं, फक्त नाव सांग, तरी ती प्रत्येक वेळी नावापुढे "हजर आसंय" म्हणायचीच. आयुष्यभर हजेरी अशीच दिली होती तिने. शेवटी पोवार कंटाळला आणि तसंच राहू दिलं.

ती सोमवारची सकाळ. शेवंतीकाकी स्वतः त्या दिवशी आलेली नव्हती.

"गेली ती पेडण्याक," भामावयनी म्हणाली. भामावयनी आमची मुकादम, कारखान्याइतकीच जुनी. "लेकीचे दिवस भरले हत मां. शनवारी माका म्हणाली, सोमवारी नाय इलंय तर समज गेलंय."

मला ते जरा लागलं. शनिवारी पगाराच्या वेळी ती माझ्या खिडकीशीही आली होती. पाकीट घेतल्यावर बाजूला झाली नाही. अंगठा बोटाने चोळत उभी राहिली.

"बाय, लेक एकटी हा. दोन दिवस जाऊन इलंय तर चलात?"

"चलात, पण खाडो पडतलो काकी. मगे पावसातला काम जाता."

दाजींचा नियम तसाच होता. पावसाळ्यात कारखाना झोपायचा, फक्त काजूगर निवडायला मोजक्या बायका ठेवत, आणि त्या कोण, तर हंगामभर जिचा एकही खाडा नाही त्या. एक दिवस चुकला की चार महिने चूल कशी पेटवायची ते ज्याचं त्याने बघायचं. शेवंतीकाकीला नवरा नव्हता, मुलगा नव्हता, टेंबवाडीत एकटीच राहायची. तिचं सगळं वर्ष त्या पावसाळी कामावर उभं होतं.

"नको गो," ती घाईघाईने म्हणाली. "खाडो पाडू नको हां बाय. माझी हजेरी तोडू नको." जणू हजेरी तोडणं माझ्याच हातात होतं.

आणि तरी ती गेली, म्हणजे शेवटी लेकीच्या मायेपुढे कसला नियम नि काय, असं मनाशी म्हणून मी हर्षदाची हजेरी हाताने मांडली आणि कामाला लागले.

मंगळवारी बायकांना आणणाऱ्या टेंपोला उशीर झाला. भोंगा सुरू झाला तेव्हा खालच्या वाड्यांतल्या बायका धावत फाटकातून आत शिरत होत्या. पहिलीने अंगठा टेकवला.

"शेवंती परब. हजर आसंय."

दुसरीने टेकवला. तोच आवाज. तिसरीलाही तोच. शेवंतीकाकीचा आवाज जरा घोगरा होता, "हजर" म्हणताना तिचा श्वास अडकायचा, आणि तो अडकलेला श्वास प्रत्येक अंगठ्यासरशी ऐकू यायला लागला. सोमवारी हसल्या होत्या त्या बायका आज हसल्या नाहीत. रांगेतली एक तर हात मागे घेऊन उभी राहिली.

"ह्या काय ता?" तिने मला विचारलं.

"मशीन बिघडला. दुसरा काय असतला?" मी म्हटलं आणि पोवारला फोन लावला.

पोवार फोनवर मोठ्याने हसला. "मॅडम, अंगठ्याला रेघाच न्हाईत, तर मशीन बिचारं काय करंल? काजूच्या तेलानं बायकांच्या हाताची सालटी जात्यात. नोंदणी केली तवा हंगाम नवा हुता, रेघा शाबूत हुत्या. आता गेल्या."

"पण सगळ्या शेवंती परब कशा?"

"त्या बाईचा अंगठा नोंदणीलाच कोरा हुता. मला चांगलं आठवतंय, चारदा घ्यावा लागला. आता जिचा जिचा अंगठा कोरा, ती मशीनच्या लेखी परब बाई. काच पुसा, दुसऱ्या बोटाची नोंदणी करू. पुढच्या आठवड्यात येतो."

माझा जीव भांड्यात पडला. मी बाहेर जाऊन सगळ्यांना ते नीट समजावून सांगितलं. काजू फोडताना टरफलातून उडणारं तेल किती जहरी असतं हे त्यांना माझ्याकडून शिकायची गरज नव्हती. हाताला राख लावून बसलं तरी बोटं सोलवटायचीच. बायका आपापले अंगठे उजेडात धरून बघायला लागल्या.

"खराच की गो. कायच नाय ऱ्हवला."

"चला, आता बँकेत जाऊन कोणाच्याय नावार पैशे काढूया!"

हशा पिकला आणि बायका आत गेल्या. भामावयनी तेवढी थांबली. तिने स्वतःचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. नखाच्या मागचं कातडं नुसतं चकचकीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं.

"ह्यो बघ. शेवंतीपेक्षा माझो कोरो. आणि माका सकाळी माझाच नाव सांगितल्यान. ता कसा?"

"तू कधी इलंस सकाळी?"

"मी सगळ्यांच्या आधी येतंय. भोंग्याच्या आधी."

याचं उत्तर शोधायला मला सवड नव्हती. बॉयलरवर बी वाफवून ढीग पडले होते, काजू फोडायला सहा बायका कमी होत्या, आणि दाजी दर तासाला येऊन ढिगाकडे आणि मग माझ्याकडे बघून जात होते.

बुधवारी मी स्वतः स्पिरिटने काच पुसली आणि मशीनशेजारी उभी राहिले. लवकर आलेल्यांपैकी भामावयनीने अंगठा टेकवला, तिचं नाव आलं. तिच्यासोबतच्या दोघींची नावं आली. मी विजयी मुद्रेने भामावयनीकडे बघितलं. एवढ्यात बॉयलरवाल्याने भोंगा दिला. माळावर तो फार लांबपर्यंत जातो. भोंगा चालू असतानाच चौथीने अंगठा टेकवला.

"शेवंती परब. हजर आसंय."

त्यानंतर आलेल्या एकूण एक बाईला तेच. हर्षदाला, तिच्या जावेला, नुकत्याच कामावर लागलेल्या एका नवथर मुलीलाही. त्या मुलीने अजून काजू फोडला नव्हता, ती झाडलोटीला होती. तिचा अंगठा मी हातात घेऊन बघितला. सगळ्या रेघा स्पष्ट होत्या.

आणि आवाज? कालच्यासारखाच होता की जरा खाली गेला होता? माझ्या मनात आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. पण हर्षदानेच ते उघड बोलून टाकलं.

"मंजिरीबाय, काकीचो आवाज बसल्यासारखो नाय वाटणा?"

"स्पीकरात राख गेली असतली," मी तिच्या अंगावर खेकसले. घाबरले की मी खेकसते, ही माझी जुनी खोड आहे.

त्या दिवशी काजू फोडायच्या फळीवर गाणी नव्हती, गप्पा नव्हत्या. नुसता कट कट कट टरफलांचा आवाज. शेवंतीकाकीची बसायची जागा खिडकीखाली होती. ती रिकामी होती, तर शेजारच्या दोघी अंग चोरून आणखी लांब सरकल्या होत्या. संध्याकाळी जाताना भामावयनी ऑफिसात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "उद्या कोण आंगठो लावचा नाय. बायका भियालेत."

"कोणाक भियालेत? शेवंतीकाकीक? ती पेडण्याक नातवाचे लंगोट धुता हा!"

"धुता असात तर बरा," भामावयनी म्हणाली. "पण जिता माणूस असा हाक मारीत ऱ्हवणा नाय."

गुरुवारी सकाळी सगळ्या बायका आल्या आणि फाटकाबाहेर काजूच्या झाडाखाली बसून राहिल्या. कोणी आत येईना. दाजी धोतराचा सोगा हातात धरून फेऱ्या मारत होते.

"माझो माल कुसता हय! तुमका काय भूत दिसला? मंजिरी, कायतरी कर. मशीन तुझा, बायका तुझ्यो."

बायका माझ्या, हे मला त्याच दिवशी कळलं. पण दाजींशी वाद घालून ढीग कमी होणार नव्हता. मी फाटकापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझ्याकडे बघा. मी कधी काजू फोडूक नाय. माझी ह्यात नोंदणीय नाय. पहिल्या दिशी मी आंगठो लावलंय तेव्हा तांबडो दिवो लागललो, तुम्ही सगळ्यांनी बघितलात. आता पुन्हा लावतंय. तांबडो दिवो लागतलो. मगे गप कामाक लागा."

काच मी नुकतीच पुसली होती आणि त्या सकाळी तिला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. मी मशीनसमोर उभी राहिले. मागे बॉयलरवाल्याने भोंगा दिला. त्याला नको म्हणून सांगायला हवं होतं असं मला वाटून गेलं, आणि मग स्वतःचाच राग आला. मी अंगठा टेकवला.

मशीन काही वेळ गप्प होतं. तांबडा दिवा लागला नाही. हिरवा लागला.

"शेवंती परब," ते म्हणालं. मग भोंगा संपला, आणि त्या शांततेत, अगदी कष्टाने, "हजर... आसंय."

झाडाखालून कुणीतरी रवळनाथाचं नाव घेतलं. दाजी फेऱ्या मारायचे थांबले. मला आजही तो क्षण आठवला की अंगठ्याचं टोक बधिर झाल्यासारखं वाटतं.

मी ऑफिसात गेले, शेवंतीकाकीचा नोंदणीचा कागद काढला आणि त्यावरच्या, लेकीच्या पेडण्याच्या शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन केला. बऱ्याच वेळाने तिच्या लेकीला बोलावून आणलं गेलं.

"आई आसा थंय?" मी विचारलं.

"आई?" लेक म्हणाली. "आई खंय इली? मी वाट बघून थकलंय. तुम्ही रजा नाय दिलात मां तिका?"

मी फोन ठेवला. भामावयनी दारात उभी होती. माझं तोंड बघून तिने डोक्यावरचं राखेचं फडकं सोडून ठेवलं.

आम्ही दाजींची जीप घेऊन टेंबवाडीला गेलो. ड्रायव्हर, मी, भामावयनी आणि हर्षदा. शेवंतीकाकीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ती पेडण्याला गेली असं समजूनच आपण तिच्या कोंबड्यांना दाणे घालतो आहोत. मी खिडकीच्या फटीतून आत बघितलं. खाटेवर भरलेली पिशवी होती, तोंड दोरीने बांधलेली, आणि पिशवीवर बाळाचं नवं टोपरं. खुंटीवर मात्र तिचं कामाचं फडकं नव्हतं आणि काजू फोडताना बसायचं गोणपाटही नव्हतं.

"ती पेडण्याक जावक नाय," भामावयनी म्हणाली. "ती कामार येऊक भायर पडली."

"मगे खंय गेली? वाटेत दिसली असती कोणाक तरी."

"वाटेन येय कोण? ती माळावरसून येय. चिरेखाणीकडसून. भोंगो चुकात म्हणान."

माळाच्या त्या बाजूला जांभ्याच्या जुन्या खाणी होत्या. चिरे कापून नेऊन सोडून दिलेल्या, चौकोनी, कापलेल्या भिंती सरळ खाली गेलेल्या. काठावर सुकं गवत इतकं माजलं होतं की दोन पावलांवरून खड्डा दिसायचा नाही. ऊन डोक्यावर आलेलं होतं. आम्ही एकेका खाणीच्या काठाला पोटावर पडून खाली बघत होतो. पहिल्या खाणीत झुडपं. दुसरीत कुणीतरी टाकलेली मोडकी खाट. तिसरीच्या काठावरचा एक चिरा नुकताच ढासळलेला होता, आतला ताजा लाल रंग दिसत होता. त्याच्याखाली भिंतीच्या सावलीत काहीतरी होतं. गोणपाट होतं की माणूस, ते कळेना. कोपऱ्यात गेल्या पावसाचं थोडं हिरवट पाणी उरलेलं होतं.

"शेवंते!" भामावयनीने हाक मारली. "गो शेवंते!"

काही हललं नाही.

"काकी! काकी गो!" हर्षदा रडायलाच लागली.

काहीच नाही. ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढली. माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी तिथेच काठावर उठून बसले आणि मशीन येण्याआधी कारखान्यात रोज हजेरीला जशी हाक मारायचे तशी, त्याच चालीत, आडनावासकट हाक मारली.

"शेवंती परब!"

खालच्या सावलीतून, तसाच श्वास अडकलेला, तसाच बसलेला, आज सकाळी ऐकला होता अगदी तोच आवाज वर आला.

"हजर... आसंय."

भामावयनीने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे किती तरी दिवस तिथे वळ होता. मग ती भानावर आली आणि ड्रायव्हरला शिडी आणायला पिटाळलं. वाडीतले लोक धावले. मी उतरणाऱ्यांत पहिली होते. शेवंतीकाकीचा पाय मांडीत मोडला होता, ओठ फुटले होते, डोळे उघडत नव्हते. पण जीव होता. सोमवारी भोंगा गाठायच्या घाईत ती काठाकाठाने आली आणि चिरा तिच्यासकट खाली गेला होता. कोपऱ्यातल्या पाण्यापर्यंत ती सरपटत गेली होती, म्हणून वाचली.

मी तिच्या तोंडात फडक्याने पाणी पिळलं. तिने डोळे किलकिले केले, मला ओळखलं, आणि पहिलं काय विचारलं असेल? लेकीचं नाही, पायाचं नाही.

"बाय... हजेरी लागली माझी?"

"लागली काकी. रोज लागली."

"लागतली मां," ती समाधानाने पुटपुटली. "भोंगो झालो की मी आंगठो लावी. कोण तरी हो म्हणीपर्यंत लावतच ऱ्हवय."

तेव्हा मी तिचा हात बघितला. उजव्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालेलं, रक्त सुकून काळं पडलेलं, जांभ्याची लाल माती त्यात भरलेली. तिच्या डोक्याशी भिंतीच्या एका चिऱ्यावर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, तसलाच काळपट डाग होता. फाटकाजवळचं मशीन भिंतीवर साधारण तेवढ्याच उंचीवर लावलेलं होतं.

शिडीवरून तिला वर काढलं आणि जीपमधून दवाखान्यात नेलं.

शुक्रवारी सकाळी बायका आपणहून फाटकातून आत आल्या. भोंगा वाजत असताना हर्षदाने डोळे गच्च मिटून अंगठा टेकवला. मशीनने हर्षदाच्याच किनऱ्या आवाजात तिचं नाव सांगितलं. नंतरच्या प्रत्येकीला तिचंतिचं नाव मिळालं. पोवार पुढच्या आठवड्यात आला, मशीन उघडून बघितलं, म्हणाला, एकदम ओके आहे. माझ्या अंगठ्याचं सांगितलं तर म्हणाला, काचेवर आधीचा तेलकट ठसा राहिला असेल. मी मान डोलावली. त्या सकाळी काचेला माझ्याआधी कुणी शिवलंच नव्हतं, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

दाजींशी मात्र शनिवारी वाजलं.

"शेवंतीचे खाडे धरलंस मां? बिचारी वाचली, बरा झाला. पण नियम तो नियम."

"मशीनात खाडो नाय, दाजी."

"अगो, पण ती कामार नव्हती!"

"ता तुम्ही भायर जाऊन मशीनाक सांगा."

दाजी खिडकीतून फाटकाकडे बघत राहिले. ते हाडाचे व्यापारी, कवडी सुटत नसे त्यांच्या हातून. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "काम नाय केल्यान त्या दिवसांचो पगार देऊ नको. खाडो... ऱ्हवांदे. नको धरू खाडो."

आषाढात शेवंतीकाकी गर निवडायला आली. पाय जरा आखूड झाला होता, ती काठी टेकत चालायची. लेकीला मुलगी झाली होती आणि ती टोपरं घालून पेडण्याहून येऊनही गेली होती. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आत चारपाचजणीच होत्या, आणि अख्खे गर एकीकडे, तुकडे एकीकडे करत काकी आपल्या नादात होती. चहाच्या वेळी तिच्याशेजारी मीच होते. इतके दिवस जिभेवर असलेला प्रश्न मी तेव्हा विचारला.

"काकी, थंय खाणीत रोज आंगठो लावी होतंस?"

"लावी होतंय तर. खाडो पडान कसा चलात?"

"गुरुवारीय लावलंस? शेवटच्या दिशी?"

तिचे हात थांबले. ती जरा आठवत राहिली आणि मग नव्या कातडीचा तो गुलाबी अंगठा माझ्यासमोर धरून हसली.

"खंय गो. त्या दिसा हात उचलाकच जाय ना. भोंगो तर वाजाक लागलो. मगे म्हटलंय, ऱ्हवांदे. आज माझो आंगठो मंजिरीबाय लावतली."